रडूबाई, सासूबाई आणि लोहपंखाचं मरण

स्टुडिओत तिला सगळे रडूबाई म्हणत. हे नाव ठेवलं रेकॉर्डिस्टने, आणि तो ते मोठ्या आदराने घ्यायचा, कारण तिच्यासारखं रडणारं माणूस त्या धंद्यात दुसरं नव्हतं. माईकसमोर उभी राहायची, कानाला हेडफोन लावायची, काचेपलीकडून त्याने बोट वर केलं की बाई सुरू. हुंदका म्हणाल तर हुंदका, हंबरडा म्हणाल तर हंबरडा. आणि मधला तो अवघड प्रकार, ज्यात माणूस आपण रडत नाही आहोत असं दाखवत रडतं, तो तर तिच्या हातचा मळ. काम झालं की नाक पुसायची, आवाज स्वच्छ राहावा म्हणून सोबत आणलेल्या हिरव्या सफरचंदाची फोड तोंडात टाकायची आणि बस पकडायला पळायची. डोळे ठणठणीत कोरडे.

एवढं सगळं रडणं जायचं कुठे? तर एका नामवंत नायिकेच्या तोंडात. मालिकेचं नाव 'लोहपंख'. लोखंडी पंख लावलेला एक महावीर रोज संध्याकाळी शहर वाचवायचा आणि ही नायिका त्याची बायको. दिसायला देखणी, भाला फिरवण्यात पटाईत, गच्चीवरून उडी मारली तरी केसाची बट हलू द्यायची नाही. पण रडायला लागली की कुंपणात शेळी अडकल्यासारखा आवाज यायचा. निर्मात्याने एकदा ऐकलं, दुसऱ्यांदा ऐकायची हिंमत केली नाही आणि गुपचूप रडूबाईला बोलावून घेतलं. बोलायचं नायिकेने, रडायचं हिने. करारात एकच मोठी अट होती, ह्याची वाच्यता कुठेही करायची नाही.

नवरा 'कुठेही'मध्ये मोडत नाही असं तिने स्वतःच ठरवून टाकलं आणि त्याला सांगितलं. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर दोन मजल्यांच्या मधे लटकलेल्या माणसाला जगाची गुपितं ऐकून फारसं काही वाटत नाही. तो म्हणाला, "बरं." सासूबाईंना मात्र तिने सांगितलं की आपण जाहिरातींना आवाज देतो. हे काही अगदीच खोटं नव्हतं. फरशी पुसायच्या एका औषधाच्या जाहिरातीत ती अधूनमधून "वा, किती चकचकीत!" असं म्हणायची.

सासूबाईंना न सांगण्याचं कारण एकटा करार नव्हता. सासूबाईंच्या पोटात गोष्ट राहत नसे. ती आधी खालच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या बाईंकडे जायची आणि तिथून कपड्यांबरोबर घरोघर पोचायची.

सासरे बसचालक होते. आयुष्यभर एकच मार्ग चालवला, आणि घरी आले की बोलायचे कमी, सासूबाई बोलायच्या ते ऐकायचे त्याहून कमी. दोघांचं सगळ्यात मोठं भांडण त्यांच्या बुटांवरून असे. दारातून आत आले की ते बूट काढायचे ते बरोबर उंबऱ्याच्या मधोमध, आडवे. येणारा जाणारा अडखळायचा. सासूबाई ओरडायच्या, सासरे "हं" म्हणायचे, बूट दुसऱ्या दिवशी तिथेच. हा संसार असाच चालला होता आणि एके दिवशी दुपारच्या झोपेतून सासरे उठलेच नाहीत.

त्या दिवशी घर माणसांनी भरलं. सगळ्यांनी सासूबाईंकडे पाहिलं, आता ह्या कोसळतील म्हणून. सासूबाईंनी चहा टाकला. आलेल्या प्रत्येकाला चहा दिला, साखर कोणाला कमी हेही लक्षात ठेवलं, आणि दुसऱ्याच दिवशी सासऱ्यांचे कपडे, छत्री, बूट सगळं देऊन टाकलं. "काय खंबीर बाई!" लोक म्हणाले. मग लोकांनी सुनेकडे पाहिलं. आणि इथे मोठीच पंचाईत झाली. जिच्या हुंदक्यांवर घराघरांतले रुमाल ओले होत, तिला रडू येईना. सासऱ्यांवर तिचा जीव होता. तिला खरंच भरून आलं होतं, पण ते गळ्यापर्यंत यायचं आणि तिथे थांबायचं, कोणीतरी काचेपलीकडून बोट वर करायची वाट बघत. बोट काही वर झालं नाही.

"तुझ्या डोळ्यांतून टिपूस नाही गं आलं," सासूबाई पुढे केव्हाही, काहीही निमित्त काढून म्हणायच्या. "कोरडी आहेस तू. मनाने चांगली, पण कोरडी." स्वतःच्या कोरडेपणाबद्दल त्यांचं काही म्हणणं नव्हतं.

सासऱ्यांच्या माघारी सासूबाईंनी त्यांच्या खुर्चीवर ताबा मिळवला आणि रिमोटवरही. रोज संध्याकाळी 'लोहपंख'. त्या वेळी घरात कोणी कपाट उघडलं तरी चालत नसे. त्यांना मारामाऱ्यांत रस नव्हता. त्यांना आवडायचा तो भाग, जेव्हा लोहपंख शहर वाचवून उशिरा घरी यायचा, पंख दाराशी टाकायचा आणि बायको काही विचारू लागली की नुसता "हं" म्हणून ताटावर बसायचा. "अगदी खरं दाखवतात हो," त्या म्हणायच्या.

अशात एक दिवस रडूबाईला स्टुडिओतून बोलावणं आलं. दिग्दर्शिका होती, मालिकेचा लेखकही होता, म्हणजे मामला मोठा होता.

"लोहपंख मरतो," दिग्दर्शिका म्हणाली.

"वीरमरण," लेखकाने दुरुस्ती केली.

"मी किती रडू?" रडूबाईने विचारलं. धंद्यातला पहिला प्रश्न तोच.

"दीड मिनिट. मग जाहिराती."

"आणि मग?"

"मग छत्र्या."

छत्र्या म्हणजे अंत्यविधी. पडद्यावर काळ्या छत्र्या होत्या, मधोमध शवपेटी, पेटीवर एक लोखंडी पीस. आजूबाजूला बाकीचे महावीर एकमेकांपासून सारखं अंतर राखून उभे. कोणी कोणाच्या खांद्यावर हात ठेवत नव्हतं, कारण सगळ्यांच्याच खांद्यांवर खिळे होते. त्यांतला एक दूर बघत म्हणत होता, "आपण लढत राहावं, हेच त्याला आवडलं असतं."

"आणि पुढच्या भागात?" रडूबाईने विचारलं.

"पुढच्या भागात ती त्याचे पंख स्वतः लावते आणि सूड घेते."

"मग दुःख?"

"दुःखाचं रूपांतर होतं ना," लेखक समजावणीच्या सुरात म्हणाला.

"कशात?"

लेखकाने थोडा विचार केला. "मारामारीत," तो म्हणाला.

काचेपलीकडे रेकॉर्डिस्टला एकाएकी खोकला आला. खोकला आवरल्यावर त्याने विचारलं, "पेटी उघडून दाखवली नाहीत ती?" दिग्दर्शिकेने दार लावून घेतलं आणि सांगितलं की पेटी रिकामी आहे, काही आठवड्यांनी आभाळ फाटतं आणि त्यातून लोहपंख परत येतो. हे बाहेर फुटलं तर सगळ्यांची नोकरी जाईल.

"वाटलंच मला," रेकॉर्डिस्ट म्हणाला. "पेटीत माणूस नसेल तर समजावं, नटाचा करार शिल्लक आहे."

रडूबाईने दीड मिनिट रडून दिलं. इतकं झकास रडली की लेखकाने चष्मा काढून पुसला.

तो भाग लागला त्या संध्याकाळी ती मुद्दाम सासूबाईंच्या शेजारी बसली. पडद्यावर लोहपंख बायकोच्या मांडीवर डोकं ठेवून "शहर... सांभाळ..." असं तुटक तुटक म्हणाला आणि गेला. नायिकेने मान मागे टाकली. आणि रडूबाईचा हुंदका सगळ्या खोलीत भरला.

सासूबाई आधी नुसत्या बघत होत्या. मग त्यांची हनुवटी हलायला लागली. त्यांनी कमरेचा रुमाल काढला. मोठा, चौकड्यांचा, सासऱ्यांचा. तेवढे रुमाल मात्र द्यायचे राहिले होते वाटतं. रुमालात तोंड खुपसून त्या अशा रडल्या की मुलगा हातातला पाना घेऊन धावत बाहेर आला.

"काय झालं?"

"लोहपंख गेले," रडूबाई म्हणाली.

"बघ," सासूबाई हुंदके देत सुनेला म्हणाल्या, "बघ, ह्याला म्हणतात रडणं. शीक काहीतरी त्या बाईकडून!"

सुनेने मान खाली घातली. हसू दाबायला आतून गाल चावून धरले. पण शेजारी ती म्हातारी बाई खरोखर हमसून हमसून रडत होती, आणि जाहिराती संपल्या तरी थांबत नव्हती. छत्र्या आल्या नि गेल्या. शेवटी हसू जिरलं आणि तिने सासूबाईंच्या पाठीवर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी शिवणवाल्या बाई वर आल्या. त्यांचाही घसा बसलेला. दोघी समोरासमोर बसल्या. "सोन्यासारखा माणूस," एक म्हणाली. "कोणाला उलटून बोलला नाही कधी," दुसरी म्हणाली. चहा झाला. त्या संध्याकाळी मालिकेत नायिका पंख लावून गच्च्यांवरून उड्या मारू लागली तेव्हा सासूबाईंचा संताप अनावर झाला.

"काल नवरा गेला आणि आज ही उडतेय! घरात कोण आहे? त्याची ताटली, त्याचा पेला कोणी उचलला? बँकेत कोण गेलं? अजून त्याच्या नावाने फोन येत असतील, 'साहेब आहेत का', त्यांना काय सांगितलं हिने?"

"त्यांना घाईच असते, आई," सून म्हणाली. "खलनायक वाट बघत असतो."

"खलनायकाला म्हणावं, बस जरा. चहा घे. ह्या घरात माणूस गेलंय." मग म्हणाल्या, "आणि त्याचे बूट दाखवलेच नाहीत. बुटांचं काय केलं?"

हा बुटांचा प्रश्न त्या रोज विचारू लागल्या. सून स्वयंपाकघरात भांडी विसळत असताना एकदा त्यांनी आपण होऊनच उत्तर दिलं. सासऱ्यांचे बूट त्यांनी कोपऱ्यावरच्या पेपरवाल्याला दिले होते. दारात दिसायला नकोत म्हणून घाईघाईने दिले. तर आता तो रोज सकाळी तेच घालून ह्यांच्याच खिडकीखालून जातो.

"मी बघते," सासूबाई म्हणाल्या. "चाल ह्यांची नाही. तो मेला पाय ओढत चालतो. पण बूट ह्यांचे."

सुनेला इतके दिवस वाटत होतं की त्या सकाळी खिडकीत उभ्या राहतात त्या वाऱ्याला.

"आता समजा आले ना," सासूबाई ओल्या हाताने पदर सावरत, जणू दारातच उभ्या असलेल्या नवऱ्याला म्हणाल्या, "तर तोंडावर सांगणार आहे, तुमचे बूट देऊन टाकले मी! आता हिंडा अनवाणी!" आणि स्वतःच हसल्या. हसता हसता पुन्हा तो चौकड्यांचा रुमाल निघाला.

त्यानंतर घरात सासरे येऊ-जाऊ लागले. म्हणजे त्यांच्या गोष्टी. एकदा बस भर रस्त्यात थांबवून ते झाडावर अडकलेलं मांजर उतरवायला गेले होते आणि प्रवासी ओरडत होते, ही गोष्ट पोटच्या मुलालाही ठाऊक नव्हती. लग्नाआधी सासूबाई रोज त्याच बसने जायच्या आणि उतरायचा थांबा मुद्दाम चुकवायच्या, हीही नव्हती. सासूबाई सांगायच्या, रडायच्या, नाक पुसून जेवायला बसायच्या. निमित्त दर वेळी लोहपंखाचं.

इकडे सुनेच्या जिवाला घोर लागला. "सांगून टाक त्यांना की तो परत येतो," नवरा म्हणाला. पण सांगावं तर शिवणवाल्या बाई, आणि शिवणवाल्या बाई म्हणजे सगळं शहर. शेवटी तिने नुसती चाचपणी केली.

"आई, समजा तो परत आला तर?"

सासूबाईंनी तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं की लहानपणी गणित चुकल्यावरही तिच्याकडे कोणी तसं पाहिलं नव्हतं. "गेलेलं माणूस परत येतं का गं? एवढी शिकलीस, आणि एवढंही कळत नाही?"

आणि मग त्या भागाचं काम आलंच. आभाळ फाटलं, जांभळा धूर निघाला, लोहपंख धुरातून उतरला. नायिका धावत जाऊन त्याला बिलगते, आणि इथे आनंदाश्रू हवे होते. आनंदाश्रू रडूबाईला सगळ्यांत सोपे. हुंदक्याच्या शेवटी किंचित हसायचं, झालं.

रेकॉर्डिस्टने बोट वर केलं. तिने श्वास घेतला. पडद्यावर तो धडधाकट परतलेला माणूस पाहिला, एक खरचटलेलंही नाही, आणि तिच्या तोंडातून भलतंच बाहेर पडलं.

"इतके दिवस कुठे होतात? मी मेले का जगले विचारलंत? तुमचे बूट देऊन टाकले मी! आता हिंडा अनवाणी!"

रेकॉर्डिस्टने टेबलावर डोकं टेकलं आणि तो गदगदा हसू लागला.

दिग्दर्शिका हसली नाही. तिने दृश्य मागे नेऊन पाहिलं. नायिकेची पाठ होती कॅमेऱ्याकडे, ओठ दिसतच नव्हते, म्हणजे वाट्टेल ते बोललं तरी जुळत होतं. "आवाज तिचा वाटतो?"

"चिरका लागलाय. रागात कोणाचाही असाच लागतो," रेकॉर्डिस्ट डोळे पुसत म्हणाला.

"पण ती त्याला अरे-तुरे करते. ही अहो-जाहो करतेय."

"रागात बायका करतात," लेखक म्हणाला. त्याचं नुकतंच लग्न झालं होतं.

"आणि लोहपंखाचे बूट लोखंडी आहेत. ते कोण घेईल?"

"भंगारवाला," सगळे एकदम म्हणाले, आणि ठरलं की हेच ठेवायचं.

ती चर्चा आत चालू होती तेव्हा रडूबाई हेडफोन काढून खाली स्टुलावर बसली होती. तिला खरोखर रडू फुटलं होतं. सासऱ्यांचं ते "हं" आठवत होतं, मधोमध पडलेले बूट आठवत होते. कोणी बोट वर केलं नव्हतं. बेढब, वेडंवाकडं, नाकातून आवाज काढणारं रडू, आणि ते आवरेना. रेकॉर्डिस्टच्या लक्षात आलं तेव्हा माईक बंद होता.

"अरेरे," तो मनापासून हळहळला. "हे घ्यायला हवं होतं."

"नको," ती रुमाल शोधत म्हणाली. "नाक फार वाजतंय. नायिकेला शोभणार नाही."

तो भाग लागला त्या संध्याकाळी शिवणवाल्या बाईही वर बसायला आल्या होत्या. आभाळ फाटलं तशा त्या टाळ्या वाजवत उभ्या राहिल्या. सासूबाई खुर्चीत ताठ झाल्या. नायिका धावली, बिलगली, आणि बोलली. बूट. अनवाणी.

सासूबाईंची मान सावकाश वळली. टीव्हीकडून सुनेकडे. ते वाक्य जगात एकाच स्वयंपाकघरात बोललं गेलं होतं आणि तेव्हा तिथे दोनच माणसं होती. शिवणवाल्या बाई खाली जाईपर्यंत त्या अवाक्षर बोलल्या नाहीत, हाच एक चमत्कार. दार लागलं.

"फरशीचं औषध?" सासूबाईंनी विचारलं.

"तेही करते," सून पुटपुटली.

"म्हणजे ती रडायची ती..."

"मी."

"आणि मी तुलाच सांगत होते, शीक तिच्याकडून?"

"हो."

सासूबाईंचे खांदे हलायला लागले. सुनेला वाटलं, रडतायत. पण त्या हसत होत्या, दम लागेपर्यंत, खुर्चीचा हात धरून. आणि मग एकदम थांबल्या. "तो परत येणार हे ठाऊक होतं तुला?"

"करार होता, आई."

"करार! आणि मी ह्यांचे सगळे रुमाल भिजवले त्या फिरस्त्यासाठी!"

"सगळे काही त्याच्यासाठी नाही भिजले," सून हळूच म्हणाली.

सासूबाईंनी रुमालाची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. "नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "त्याच्यासाठी थोडेच." आणि उठून चहा टाकायला गेल्या.

'लोहपंख' बघणं मात्र त्यांनी बंद केलं. कोणी विचारलं तर सांगायच्या, "ज्याला आभाळ फाडून येता येतं तो कसला मेला? त्याची बायको विधवा नव्हे. नवरा फिरतीवर गेला होता तिचा." आता संध्याकाळी त्या बाहेर पडतात, सासऱ्यांच्या जुन्या मार्गाची बस पकडतात, शेवटच्या थांब्यापर्यंत जाऊन परत येतात आणि चालकाच्या वळणं घेण्यात चुका काढतात. मुलगा म्हणतो, बसवाले तक्रार करतील. अजून केलेली नाही.

गुपित त्यांनी शिवणवाल्या बाईंना सांगितलं नाही. ह्याचं सुनेला फार आश्चर्य वाटलं, पण कारण लवकरच कळलं. मालिकेत पुढे लोहपंखाचा धाकटा भाऊ कड्यावरून पडला. दुसऱ्या सकाळी जिन्यात शिवणवाल्या बाईंची पावलं वाजली, जड, ओढल्यासारखी. सासूबाई चटकन सुनेजवळ आल्या.

"कोणीतरी गेलेलं दिसतंय. पेटीत आहे का?"

"आई, करार..."

"तोंडाने बोलू नकोस. नुसती मान हलव."

सुनेने इकडेतिकडे पाहिलं आणि मान हलवली. आडवी.

दार उघडलं. शिवणवाल्या बाईंचे डोळे सुजले होते. "गेला हो," त्या म्हणाल्या. "कोवळं पोर."

"अगं आई गं," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांना खुर्चीत बसवून पाठीवरून हात फिरवू लागल्या. चेहरा असा पडलेला की बघणाऱ्याला खरंच वाटावं. "रड हो, मनसोक्त रड. आत ठेवू नये. गेलेलं माणूस काही परत येत नाही."

सून घाईघाईने स्वयंपाकघरात गेली आणि तिने नळ मोठा सोडला.